धुतलेले जंतू

आमच्या लॅबमध्ये जंतूंचे फार लाड होतात. प्रयोगाआधी त्यांना मिठाच्या पाण्यात धुवायचं, यंत्रात गरगर फिरवून तळाशी बसवायचं, वरचं पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं पाणी घालायचं. एवढी अंघोळ मी कधी माझ्या मुलीलाही घातली नाही. मग हे स्वच्छ झालेले जंतू काचेच्या बशीत पसरायचे आणि त्यांच्यावर प्लाझ्मा सोडायचा. का धुवायचं, असं कुणी विचारत नाही. मला शिकवणाऱ्यांनी धुतले, मी धुते.

आमचा प्लाझ्मा रक्तातला नव्हे आणि थंड असतो. जाड पेनासारखी एक नळी, तिच्यातून गॅस येतो, वीज त्याला चेतवते आणि टोकाला बोटाच्या पेराएवढी जांभळी ज्योत उभी राहते. बोट धरा, भाजत नाही. झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा वास तेवढा येतो. पण जंतू मरतात. दुसऱ्या दिवशी बशी उघडली की ज्योत फिरली त्या जागी काहीच उगवलेलं नसतं. या एका ज्योतीपायी माझे केस पांढरे झाले. खरं सांगू? दमले मी.

आणि घरी आत्या. आईवडिलांमागे तिनेच मला वाढवलं. कापडाच्या दुकानात जन्मभर काउंटरमागे उभी राहिली आणि पायाच्या शिरा फुगवून बसली. घोट्याच्या वर एक जखम झाली ती भरेचना. मलमं झाली, पट्ट्या झाल्या, गोळ्या झाल्या. जखम आपली तशीच, ओली. दुखण्यापेक्षा वास वाईट होता. ज्या बाईभोवती दुकानात गिऱ्हाइकांचा घोळका असायचा, ती आता खिडकीशी खुर्ची लावून बसायची. कडाक्याच्या थंडीतही खिडकी सताड उघडी. कुणी आलं की आत्या म्हणायची, "लांब बसा हं, मला जरा वारा लागतो." माझी चार वर्षांची चिमणी एकदा दारातूनच नाक धरून म्हणाली, "आजी, तुझा पाय घाण आहे." मी तिला धपाटा घालणार होते. आत्या म्हणाली, "मारू नकोस गं. खोटं कुठे बोलतेय ती?"

सर्जनने आडपडदा ठेवला नाही. "गुडघ्याखाली कापावा लागेल. उगाच लांबवण्यात अर्थ नाही."

मीच मध्ये पडले. "डॉक्टर, थोडं थांबा. आमच्या यंत्राची तुमच्याच हॉस्पिटलमध्ये पेशंटवर चाचणी सुरू होतेय. आत्याला त्यात घेणार आहेत."

डॉक्टरांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "थांबू या. पोरगी म्हणतेय ना."

"ताप आला तर मी कुणाचं ऐकणार नाही," डॉक्टर म्हणाले.

एकदा तिला लॅबमध्ये नेऊन ज्योत दाखवली. चष्मा पुसून तिने बराच वेळ पाहिलं. "जांभळा म्हणतेस होय याला? हा वांगी रंग आहे बाई. जांभळा याहून तांबूस." आणि हसली. ती हसली याचंच मला कोण कौतुक.

चाचणीआधी एक प्रयोग उरला होता. ज्योतीने प्रोटीनचं काय होतं ते बघायचं होतं. जखम भरायची तर शरीराची प्रोटीनं धड राहायला हवीत. त्यासाठी खऱ्या जखमेतलं पाणी लागणार होतं. हॉस्पिटलची परवानगी आली, नर्सने पट्टी बदलताना आत्याच्या पायातलंच पाणी काढलं. आत्या म्हणाली, "घे, हवं तेवढं घे. तेवढंच आता भरपूर आहे माझ्याकडे."

त्या पाण्यात मी जंतू सोडले आणि या वेळी ते धुतले नाहीत. धुतले असते तर आत्याचं पाणीच वाहून गेलं असतं. ज्योत फिरवली, घरी गेले, स्वयंपाक केला, झोपले. सकाळी बशी उघडली तर जंतू मजेत! जिकडेतिकडे पांढरे ठिपके. आणि तपासलं तर प्रोटीनचा पार चुराडा.

मी कपाळावर हात मारला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग खुर्ची ओढून बसले आणि सगळं लख्ख दिसलं. प्लाझ्मा काही माणसं ओळखून वार करत नाही, समोर येईल त्याला झोडपतो. मिठाच्या पाण्यात समोर फक्त जंतू असायचे. जखमेच्या पाण्यात प्रोटीनची ही गर्दी. सगळा मार त्यांनी खाल्ला आणि जंतू त्यांच्या आड सुखरूप राहिले. इतकी वर्षं आम्ही धुतलेल्या जंतूंना मारून पाठ थोपटून घेत होतो. माणसाची जखम अशी धुऊन बशीत कोण मांडून ठेवतं?

गप्प बसावंसं वाटलं का? वाटलं की. बोलले नसते तर चाचणी ठरल्यासारखी झाली असती, आत्याच्या पायावर ज्योत फिरली असती. पण जंतू तसेच राहणार आणि जखम भरू बघणारं जे थोडंफार आहे तेच मरणार, हे आता मला कळलं होतं. कळल्यावर कसं करणार?

आमच्या सरांना सगळे पाठीमागे 'उद्यापर्यंत' म्हणतात, कारण त्यांना जे हवं ते उद्यापर्यंत हवं असतं. मी बशा त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी चष्मा काढला, घातला, परत काढला.

"पुन्हा करून पाहिलंत?"

"पाहिलं सर."

"म्हणजे जखम आधी कशी धुवायची, ज्योत किती वेळा द्यायची, सगळं पहिल्यापासून." ते कधी नव्हे इतके सावकाश बोलत होते. "निदान वर्ष जाईल. आणि तुमच्या आत्या..."

"सर, ते आत्ता नको."

त्यांनी माझ्यासमोरच हॉस्पिटलला फोन लावला आणि चाचणी पुढे ढकलली.

घरी आले तेव्हा आत्या खिडकीशी शाल गुंडाळून बसली होती. मी सरळ सांगून टाकलं. गोड बोलायला अंगात त्राणच नव्हतं.

"माझ्याच पायाचं पाणी ना गं ते?" तिने विचारलं.

"हो."

"बरं. डॉक्टरांना फोन कर मग."

एवढंच. चिडली असती, चार शब्द सुनावले असते, तर मला सोपं गेलं असतं.

पाय कापला. आत्या घरी आली, तीच खुर्ची, तीच खिडकी. चिमणी दारात उभी राहून बघत होती. मग एकेक पाऊल टाकत पुढे आली, नाक पुढे करून हुंगलं आणि सरळ तिच्या मांडीवर चढली. "आता येतेस होय, लबाड!" आत्या म्हणाली. पोरगी तिथेच झोपली.

मी जमिनीवर, खुर्चीला टेकून बसले होते. इतके दिवस तोंडाशी आलेलं बोलून टाकलं. "माझं यंत्र चाललं असतं तर पाय राहिला असता आत्या."

"पायाचं काय घेऊन बसलीस," ती म्हणाली. "मला तर तेव्हाच कापायचा होता. त्या दिवशी डॉक्टरांना 'हो' म्हणायला मी तोंड उघडलं होतं. जीव विटला होता गं त्या वासाला."

मी वळून पाहिलं. "मग थांबलीस कशाला?"

"तू थांब म्हणालीस ना. तुझा चेहरा बघितला मी तेव्हा. किती वर्षांनी तुला कशाची तरी एवढी आस लागलेली दिसली. म्हटलं, सोसू थोडे दिवस. पोरीचं मन राहील."

मी तिच्या खुर्चीच्या पायाशी डोकं टेकवून रडले. आत्याने रडू दिलं. चिमणी झोपेत कुशीवर वळली, तिचं डोकं आत्याने मांडीवर नीट घेतलं.

"ऊठ आता," ती म्हणाली, "आणि ती खिडकी लाव. पोरीला वारा लागतोय."