एकदाच विचारलं

वगदीला मी भाऊ मानलं, तिथंच माती खाल्ली.

कैरोच्या शुब्रा भागातल्या आमच्या इमारतीत तो खालच्या मजल्यावर, मी वरच्या. मायक्रोबस चालवायचा मोबाइलवरचा खेळ काढायचं त्याच्या डोक्यात आलं, तेव्हा त्यानं पहिलं दार माझंच ठोठावलं. कैरोचे रस्ते, बाल्कन्या, वैतागलेले प्रवासी, सगळं मी काढलं, तेही आईच्या इस्त्रीच्या टेबलावर. सुरुवातीला त्यानं विचारलं होतं, "इनास, किती घेशील?"

"खल्लीहा. राहू दे रे, आपल्यात कसले पैसे?" मी म्हटलं.

आता हे आमच्याकडे भाजीवालाही म्हणतो आणि टॅक्सीवालाही. म्हणून कुणी नोटा खिशात घालून चालू पडत नाही. त्यानं नको म्हणायचं, आपण हातात कोंबायचे, अशी रीत. वगदीनं एकदाच विचारलं. मला वाटलं, बिचाऱ्याकडे आत्ता नाहीत, खेळ विकला की कोंबेल. त्या पैशांत एक खोली भाड्यानं घ्यायची आणि स्वतःच्या टेबलावर काम करायचं, एवढीच माझी आस होती.

खेळ विकला गेला, दुबईच्या एका कंपनीला. कुणाला किती द्यायचं ते ठरवायला वगदीनं आम्हाला कॉफीहाऊसात बोलावलं. पगारावर कुणीच नव्हतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या रामेझनं मात्र पहिल्याच दिवशी तासाचा दर ठरवून घेतला होता. तेव्हा मी त्याला मनातल्या मनात हावरट म्हटलं होतं.

वगदीनं रामेझला त्याच्या तासांचे दिले, वर बक्षीसही दिलं. मग माझ्याकडे बघत छातीवर हात ठेवला. "आणि इनासनं तर सगळी चित्रं भेट दिली. अशी माणसं कुठं मिळतात?"

"भेट?" रामेझ म्हणाला. "अरे बाबा, ती राहू दे म्हणाली असेल. तू आग्रह केलास का?"

"विचारलं होतं की. आता दिले तर तिचा अपमान नाही का होणार?"

अपमान म्हणे. हा परदेशात वाढला असता तर मी सोडून दिलं असतं. पण हा आमच्याच जिन्यावर वाढलेला, आणि इथं येताना टॅक्सीवाला नको नको म्हणत असताना यानं त्याच्या हातात नोटा कोंबल्या होत्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"मला पैसे हवेत," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा हे वाक्य तोंडातून निघालं आणि माझे कान तापले. लाजायला हवं होतं त्यानं, आणि लाजत होते मी.

वगदी हसला. "अगं, शेजारीण म्हणून मागतेस की कामावरची म्हणून?"

"कामावरची म्हणून. रामेझच्या दरानं."

मग त्यानं घासाघीस केली. माझ्याशी, एकेका बाल्कनीवरून. "ही तर तू हौसेनं काढलीस, हिचे कसले?" रामेझ मान खाली घालून बेरीज करत राहिला. शेवटी दिले, खोलीपुरते.

घरी आले तर आई मुलुखियाची पानं निवडत होती. "शुक्रवारी वगदीला जेवायला सांगू ना?"

"नको."

"का गं, पैसे नाही दिले त्यानं?"

"दिले, सगळे दिले," मी म्हटलं, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले.