अंड्यावरची खिडकी

आमच्या कारखान्यात खिडकीपाशी अंड्यांचा एक ट्रे असतो. सगळी तपकिरी, सगळी कच्ची. मणक्याच्या शस्त्रक्रियेत वापरायच्या खरवडणीला धार लावून झाली की ती अंड्यावर चालवून पाहायची, ही जुनी रीत. तपकिरी रंग कवचाच्या अगदी वरच्या थरात असतो, त्याखाली सगळं पांढरं. दोन बोटं रुंद चौकोन पांढरा झाला पाहिजे आणि कवचाला तडा जाता कामा नये. त्या चौकोनाला आम्ही खिडकी म्हणतो. ज्याने खिडकी पाडली, त्याने ते अंडं घरी न्यायचं आणि खायचं.

धातुशास्त्र शिकून मी आमच्या गावी, जर्मनीतल्या टुटलिंगेनला परत आले, तेव्हा या प्रकाराला हसले होते. सूक्ष्मदर्शकाखाली धारेचा कोन अर्ध्या अंशापर्यंत मोजता येत असताना अंडं कशाला? कारखान्यातल्या गेबहार्ड मेस्त्रींनी वाद घातला नाही. दोन मणक्यांमधली झिजलेली गादी काढल्यावर काय करतात, एवढं त्यांनी सांगितलं. वरच्या आणि खालच्या हाडावर कूर्चेचा पातळ थर उरतो. तो खरवडायचा, हाड रक्ताने जरासं ओलावेपर्यंत, पण हाडात न शिरता. मग तिथे टायटॅनियमचा छोटा पिंजरा बसवतात आणि हाड त्यातून वाढत जातं. हाडाला भोक पडलं तर पिंजरा महिन्या-दोन महिन्यांत खचतो. खोल आत सर्जनला नीट दिसत नाही, त्याला हातानेच ओळखावं लागतं. तेव्हापासून खरवडणी हातात घेतली की मला एक पांढरं, अंधारं माळरान दिसायला लागलं. त्यावरून एक पातळ धार चालली आहे आणि कुठे थांबायचं हे तिलाच ठाऊक आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या माळरानावर मेस्त्री स्वतःच जाणार होते. दोन वर्षांपासून त्यांचा डावा पाय बधिर होत होता, दहा मिनिटांच्या वर उभं राहवत नव्हतं. शस्त्रक्रिया सोमवारी सकाळी आठला ठरली. आदल्या आठवड्यात, शस्त्रक्रिया होणार होती त्या रुग्णालयाची हत्यारं दरवर्षीप्रमाणे धारेसाठी आमच्याकडे आली. त्यातल्या एका खरवडणीच्या दांड्यावर मेस्त्रींची बारीक खूण होती. बावीस वर्षांपूर्वी त्यांनीच ती घडवली होती. त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली.

"हत्यार माझं, पाठ माझी," ते म्हणाले. "धार तेवढी तुझी, लियोबा. बघ, पुन्हा या बाकापाशी उभा राहिलो तर तुलाच माझी बोलणी खायची आहेत."

गुरुवारी दुपारी मी धार लावली. कोन अचूक आला. अंड्यावर खिडकी इतकी सहज उघडली की मला स्वतःचं कौतुक वाटलं. हत्यारं डब्यात गेली. गाडी शुक्रवारी सकाळी सातला येणार होती.

संध्याकाळी घरी श्पेट्झ्लेसाठी, म्हणजे आमच्या ओबडधोबड शेवयांसाठी, पीठ घेतलं आणि ते अंडं वाडग्याच्या काठावर आपटलं. काहीच सांडलं नाही. कवचाला भेग गेली आणि आतून घट्ट, चकचकीत पांढरं दिसलं.

अंडं उकडलेलं होतं.

नऊच्या न्याहारीसाठी मेस्त्रींची बायको बुर्गा उकडलेली अंडी पाठवते आणि न्याहारीपुरती ती त्याच ट्रेमध्ये ठेवतात. त्यांच्यावर ती पेन्सिलीने फुली मारते. या आठवड्यात तिचं लक्ष कुठे होतं ते सगळ्यांना माहीत होतं. एक फुली राहून गेली होती. आतलं सगळं घट्ट असलं की कवचाला टेकू मिळतो, मग कसलीही धार चालते. मी नुसतं टेबलावर गरकन फिरवून पाहिलं असतं तरी कळलं असतं. पिठाचे हात तसेच घेऊन मी सायकलवर बसले.

मेस्त्री अंगणात बाकावर पालथे पडले होते. मी सांगत असताना ते डोळे मिटून ऐकत राहिले. बुर्गा दारात उभी होती, ती आतल्या आत काहीतरी मोजल्यासारखी बोटं हलवत होती. मला वाटलं, ते रागावतील. त्यांनी फक्त विचारलं की कारखान्याची किल्ली माझ्याकडे आहे ना.

बुर्गाने त्यांना गाडीच्या मागच्या सीटवर आडवं करून कारखान्यात आणलं. ऊन अजून छपरांवर होतं. ते कामाच्या बाकावर पालथे झाले, गाल लाकडाला टेकवला. मी डबा उघडला, ट्रेमधलं एक अंडं फिरवून पाहिलं. ते डगमगत थांबलं, कच्चं होतं. खरवडणी चालवली. तिसऱ्या फटक्याला कवच आत गेलं आणि बोटांवरून बलक ओघळला.

मी त्या पिवळ्या ओघळाकडे बघत राहिले. सोमवारी हे त्यांच्या आत घडलं असतं.

"कोन बरोबर आहे हो," मी म्हणाले. "मोजलाय मी."

"असेल ना. पण काठावर धातूची बारीक कुस राहिलीय, ती ओरडतेय. ऐकू येत नाही तुला?"

त्यांनी मला धारेचा दगड उलटा धरायला लावला आणि नुसत्या हाताच्या वजनाने एकदाच ओढायला सांगितलं. दुसरं अंडंही गेलं, पण उशिरा. आणखी एक ओढ. मग तिसरं अंडं घेतलं आणि मीही डोळे मिटले. करकर हळूहळू सुरसुर आवाजात बदलली, कोरड्या वाळूवर कुणी अनवाणी चालावं तशा. "थांब," मेस्त्री म्हणाले. डोळे उघडले तर खिडकी होती, दोन बोटं रुंद, आणि कवच अखंड. अंडं मी बुर्गाच्या हातात दिलं. तिने ते उन्हात धरून कितीतरी वेळ फिरवलं.

उकडलेलं अंडं माझ्या खिशात होतं. मेस्त्रींनी ते मागून घेतलं, भेग आणि खोटी खिडकी पाहिली आणि परत दिलं.

"हे फेकायचं नाही. थंड जागी ठेव. मी उभा राहीन त्या दिवशी खा."

सोमवारी मी सुट्टी घेतली आणि नदीच्या काठाने वर गेले, जिथे उन्हाळ्यात डॅन्यूब जमिनीत शिरते. खडकांच्या फटींत पाणी कसलाही आवाज न करता जातं आणि पुढे नुसते पांढरे गोटे उरतात. आठ वाजता मी त्या गोट्यांवर उभी होते. हे पाणी डोंगराखालून जाऊन साधारण साठ तासांनी आखच्या झऱ्याला वर येतं. शाळेत असताना आम्ही ते पाठ केलं होतं. मी साठ तास मोजले: बुधवारी रात्री आठ. दुसरं काही मोजण्यासारखं माझ्या हातात नव्हतं.

दुपारी बुर्गाचा निरोप आला: शस्त्रक्रिया झाली, पिंजरा बसला, हाड शाबूत आहे. पण पाय अजून बधिरच होता. मंगळवारीही तसाच होता.

बुधवारी संध्याकाळी मी आखला गेले. झऱ्याचं तळं हिरवं, गार, तळातून उकळल्यासारखं हलत होतं. सोमवारचं पाणी यात कुठलं, ते सांगता येत नाही. आठ वाजून गेले तशी मी काठावर बसले. सव्वाआठला फोन वाजला. बुर्गा हसत होती की रडत होती, ते कळेना. मेस्त्री उठून खिडकीपर्यंत गेले होते, डाव्या तळव्याला फरशी गार लागते म्हणून कुरकुरत होते, आणि मी अंडं खाल्लं का ते विचारत होते.

मी ते पिशवीतून काढलं, उरलेलं कवच सोललं, मीठ लावलं. बलकाभोवती करडं-हिरवं कडं होतं. बुर्गाने ते जरा जास्तच उकडलं होतं.