मनकर्णाबाईंचा हात

सौंसरच्या मनकर्णाबाईंच्या जवसाच्या चटणीला नावं ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला निघालेली माणसं वाटेत त्यांच्या दुकानाशी हमखास थांबत. बाई प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर चटणी ठेवत, वर तेलाचा थेंब सोडत. चाखल्याशिवाय डबा द्यायचा नाही, हा त्यांचा नेम. कोणाला लसूण चालत नाही, कोणाची लेक नागपूरला दिली, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं तोंडपाठ. एकदा आलेला माणूस पुढच्या खेपेला आणखी दोघांना घेऊन येई. डब्यावर फोटोही बाईंचाच, डोईवर पदर घेतलेला.

चटणी मात्र नऊ वर्षं त्यांची सून अमिता करत होती. संधिवातानं बाईंची बोटं वाकली, तेव्हापासून भाजणं, कांडणं, तिखटमीठ सारं तिच्याकडे आलं. हे फक्त सासू, सून आणि मुलगा वीरेंद्र यांनाच ठाऊक होतं. बाई काही वाईट नव्हत्या. “यंदा दिवाळीले डब्यावर तुहं नाव टाकू,” असं त्या दरवर्षी म्हणत, आणि दिवाळीत गर्दी अशी उसळे की ते राहूनच जाई. अमिताला दुसरं काही नको होतं. एकदा ते नाव छापून यावं, बस.

पौषात बाई गेल्या. अमितानं रडणाऱ्या बायकांना पाणी दिलं, पंगती वाढल्या, भांडी मोजून परत केली. तिला दुःख होईना आणि सुटल्यासारखंही वाटेना. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, तसं मनाचं झालं होतं.

तेरवीनंतर दुकान उघडलं. बाई असतानाच भरलेले शंभरेक डबे फळीवर होते, कागद तेवढा लावायचा राहिला होता. अमितानं ‘अमिताची जवस चटणी’ असे कागद छापून आणले आणि स्वतः चिकटवले. पहिल्या आल्या पांढुर्ण्याच्या कलाबाई, वीस वर्षांपासूनच्या गिऱ्हाईक. त्यांनी चाखलं, थांबल्या, पुन्हा चाखलं.

“नाही व बाई. तो हात तुले नाही आला.”

“मावशी, हे आई असतानाचंच आहे. नऊ वर्षांपासून मीच करून राहिली.”

“सासू जाऊन महिना नाही झाला, अन् असं बोलतं का कोणी?” कलाबाई म्हणाल्या आणि रिकाम्या हातानं बसमध्ये चढल्या.

आठवडाभर हेच. कोणाला तिखट जास्त लागलं, कोणाला जवस कच्चं. बोरगावच्या एका मास्तरांनी मीठ बदललं का, म्हणून चौकशी केली.

शनिवारी सकाळी वीरेंद्रनं डब्यांवरचे कागद ओल्या फडक्यानं काढले आणि आईच्या फोटोचे लावले. दाराशी पाटी ठेवली, ‘आईच्या हातचे शेवटचे डबे’. दुपारपर्यंत फळी रिकामी होत आली. बातमी ऐकून कलाबाई पांढुर्ण्याहून परत आल्या. तळहात चाटून त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

“पाह्य, याले म्हंतात चव,” त्या अमिताला म्हणाल्या.

अमिता “हो” म्हणाली. आता तरी राग यावा म्हणून ती वाट पाहत राहिली, पण तो काही आला नाही.

दुकान आवरून वीरेंद्र स्वयंपाकघरात आला. “लोक अजून मागून राहिले. पुढच्या शनिवारले पन्नास डबे लागतीन.”

“मेल्यावर आईनं अजून किती डबे भराचे?” अमितानं विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच आकडा हवा होता.

तो जमिनीकडे पाहत म्हणाला, “लोक घेतीन तोवर.”

अमितानं कढई गॅसवर ठेवली आणि जवस भाजायला घेतलं.