श्यामकांतांनी न काढलेलं चित्र

श्यामकांत परुळेकर हयात होते तोवर त्यांची चित्रं बघायला मुलुंडच्या त्यांच्या घरी फारसं कुणी आलं नाही. घाटकोपरच्या एका शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि रविवारी सायकल घेऊन मिठागरांकडे जायचे. पाणी, बांध, मिठाचे ढीग आणि क्वचित एखादा बगळा, एवढंच त्यांनी आयुष्यभर रंगवलं. माणूस कधी काढला नाही. ते गेल्यावर कुणीतरी त्यांचं प्रदर्शन भरवलं, पेपरात लिहून आलं, आणि लोक त्यांच्या बायकोला, नलिनीबाईंना, फोन करू लागले. घरातली चित्रं एकेक करून गेली. द्यायला काही उरलं नाही तसे फोनही थांबले.

मूलबाळ नव्हतं. दीर मालवणला, बहीण गेलेली. सकाळी दूधवाल्याशी दोन शब्द, संध्याकाळी खालच्या बाकावर शेजारणींच्या नातवंडांचं कौतुक, इतकंच नलिनीबाईंचं दिवसभराचं बोलणं व्हायचं.

म्हणून चेतना तायडेचा फोन आला तेव्हा त्यांनी तो लवकर ठेवू दिला नाही. चेतना गोवंडीत वाढलेली, सरांच्या शाळेतली, आता मेट्रोच्या कामावर इंजिनीअर. दिंडोशीला तिनं नुकतंच घर घेतलं होतं आणि त्या घरात सरांचं एक चित्र लावायचं तिच्या मनात होतं. अंधेरीतल्या एका दुकानात ते मिळालंही होतं. सोबत ते अस्सल असल्याचं, नलिनीबाईंच्या सहीचं प्रमाणपत्र होतं. पैसे देण्याआधी एकदा विचारून घ्यावं म्हणून तिनं शाळेतून नंबर मिळवला होता.

नलिनीबाईंनी आजवर कुठल्याच प्रमाणपत्रावर सही केली नव्हती. तेवढं सांगितलं असतं तर विषय तिथंच संपला असता. पण त्या म्हणाल्या, "फोनवर कसं सांगू गं? चित्र घेऊन ये ना घरी."

दुकानदार गिऱ्हाइकाला चित्र घरी लावून बघायला द्यायचा. शनिवारी चेतना ते जुन्या चादरीत गुंडाळून रिक्षातून घेऊन आली. नलिनीबाईंनी घावणे केले होते, नारळाचा रस केला होता. चेतनाला चित्र दाखवायची घाई होती, पण बाईंनी तिला आधी खायला बसवलं. सर वर्गात कसे शिकवायचे ते विचारलं. फळ्यावर रेघ मारून झाली की ते चार पावलं मागे जाऊन डोळे बारीक करायचे, असं चेतनानं सांगितलं. नलिनीबाईंना ते माहीत नव्हतं. त्यांनी ते तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

मग चादर उघडली.

खिडकीपाशी पाठमोरी बसलेली एक बाई होती. हिरवट साडी, मानेवर सैल अंबाडा, एक हात गजावर. खिडकीबाहेर मिठागरं आणि त्यांच्यावरचा तो करडा उजेड, जो श्यामकांतांच्या प्रत्येक चित्रात असायचा. प्रमाणपत्रावर चित्राचं नाव होतं 'नलिनी'. साल एकोणनव्वद.

नलिनीबाई चित्राजवळ सरकल्या. लग्नानंतर एकदा त्यांनी नवऱ्याला म्हटलं होतं, माझं एक चित्र काढा की. ते हसून म्हणाले होते, "तू गप बसशीत तर काढीन ना." पुन्हा विषय निघाला नाही. आणि आता हे समोर होतं. आपल्याला न सांगता काढलं असेल, शाळेत बसून काढलं असेल, कुणाला तरी देऊन टाकलं असेल. असं होऊ शकतं, असं त्यांना वाटलं. ते खरं असावं असं त्यांना फार वाटलं. पाठमोऱ्या त्या बाईकडे कुणीतरी मायेनं बघितलं होतं, हे चित्रात दिसत होतं.

"काकू, मला आधीपासूनच थोडा डाउट आहे," चेतना म्हणाली. तिनं आपल्या शंका सांगितल्या. प्रमाणपत्रावर चित्राचा फोटो नव्हता, म्हणजे तो कागद कुठल्याही चित्राला जोडता आला असता. त्यावर लिहिलेलं माप टेप लावून बघितलं तर जुळत नव्हतं. आणि चित्र आधी कुणाकडे होतं असं विचारलं की दुकानदार एका जुन्या घरातून आलं एवढंच सांगायचा. कुठलं घर, ते नाही.

"सही तर माझी नाहीच," नलिनीबाई म्हणाल्या. "मी मराठीत करते. ही इंग्रजीत आहे."

"मग चित्र?"

सही खोटी असली म्हणून चित्र खोटंच असेल असं नाही, हे दोघींनाही कळत होतं. नलिनीबाईंनी चित्र पालथं केलं. श्यामकांत कॅनव्हास बारीक खिळे मारून ताणायचे, इथं स्टेपलच्या पिना होत्या. पण ते नंतर कुणी बदललेलं असू शकतं. कापड जुनाट तपकिरी दिसत होतं. त्यांनी स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि एका कोपऱ्यात कापड लाकडी चौकटीपासून जरासं सैल केलं. लाकडाखाली झाकलेलं कापड हवेपासून वाचतं, ते उजळ राहायला हवं. इथं तेही तितकंच तपकिरी होतं. कुणीतरी आख्खं कापड चहासारख्या कशात तरी बुडवून काढलं होतं. पुढच्या बाजूला नाव होतं, पण रंग वाळल्यावर वरून लिहिलेलं. श्यामकांत ओल्या रंगात ब्रशच्या मागच्या टोकानं नाव कोरायचे. बोट फिरवलं की खाच लागायची.

एवढं पुरेसं होतं. तरी त्यांनी चित्र पुन्हा सुलट केलं आणि त्या अंबाड्याकडे बघत राहिल्या.

"एकोणनव्वद साली मला टायफॉइड झाला होता," त्या म्हणाल्या. "केस सगळे गेले होते. वर्षभर डोक्याला रुमाल बांधून फिरत होते मी." चित्रावर पुन्हा चादर ओढत म्हणाल्या, "घेऊ नकोस गं हे."

सोमवारी दोघी चित्र आणि प्रमाणपत्र घेऊन अंधेरीला दुकानात गेल्या. दुकानदाराचं नाव देवव्रत. माणूस गोड बोलणारा. त्यानं कॉफी मागवली, नलिनीबाईंना वाकून नमस्कार केला. चेतनानं सगळं सांगितलं. आपणही फसवले गेलो असू, चौकशी करतो, असं तो म्हणाला. चेतनाला साइटवरून फोन आला आणि ती बाहेर गेली, तसा तो खुर्ची ओढून जवळ बसला. आता त्याचा सूर वेगळा होता. सरांची म्हणून अजून काही चित्रं येणार आहेत, ती खरी आहेत असा घरच्या माणसाचा शब्द हवा आहे, असं तो म्हणाला.

"नुसती सही नकोय मला मॅडम," त्यानं पुढे सांगितलं. "लोक तुमच्याकडे येतील, बसतील, सरांच्या आठवणी विचारतील. कार्यक्रमांना मी स्वतः गाडी पाठवीन. एकट्या घरात बसून काय करता?"

नलिनीबाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला. आपल्याला नेमकं काय हवं आहे हे या माणसाला कसं कळलं, याची त्यांना लाज वाटली. क्षणभर त्यांच्या डोळ्यांपुढे माणसांनी भरलेली आपल्या घराची बाहेरची खोली आली.

"हे काढलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"आहे एक जण. हात चांगला आहे."

"पाणी छान जमलंय त्याला," त्या म्हणाल्या. "त्याला म्हणावं, स्वतःच्या नावानं काढ."

मग त्यांनी पेन मागून घेतलं आणि प्रमाणपत्रावर आडवं लिहिलं, ही सही माझी नाही आणि हे चित्र माझ्या नवऱ्याचं नाही. खाली मराठीत सही केली. चेतना आत आली तेव्हा देवव्रत कागद ओढून घ्यायला बघत होता. तिनं आधी त्या कागदाचा फोटो काढला, मग विचारलं, "काकू, पोलिसांत जायचं ना?"

तक्रार झाली. चित्र जप्त झालं. पंचनाम्याच्या वेळी हवालदारानं चित्राकडे बघून सहज विचारलं, "यातल्या बाई तुम्हीच का?"

"नाही," नलिनीबाई म्हणाल्या. "कुणीच नाही ती."

दुकान काही महिन्यांनी बंद झालं. खोट्या चित्रांची बातमी पसरल्यावर श्यामकांतांची चित्रं घ्यायला लोक बिचकू लागले, आणि प्रदर्शन भरवणाऱ्यांनीही पुन्हा कधी विचारलं नाही. नलिनीबाईंना याचं वाईट वाटलं. पण आपण गप्प बसायला हवं होतं असं काही त्यांना वाटलं नाही.

चेतनानं शेवटी एका तरुण चित्रकर्तीकडून, तिच्याच घरी जाऊन, तिच्याच हातून एक चित्र घेतलं. नव्या घराच्या जेवणाला तिनं नलिनीबाईंना आग्रहानं बोलावलं. त्या दिंडोशीला गेल्या. घर पाहुण्यांनी भरलं होतं. दारासमोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि सोफ्यामागे ते नवं चित्र, लाल पिवळ्या पत्र्यांची दाट वस्ती. चेतनानं सगळ्यांशी त्यांची ओळख करून दिली, या आमच्या सरांच्या मिसेस. लोकांनी हात जोडले आणि आपापल्या गप्पांकडे वळले. चेतनाची आई, सोनूबाई, मात्र त्यांच्या शेजारी येऊन बसली. मुलुंडचं घर कितव्या मजल्यावर, पाणी चोवीस तास येतं का, असं विचारत राहिली. मग म्हणाली, "घरी कोण कोण असतं?"

"मीच," नलिनीबाई म्हणाल्या.

सोनूबाईनं त्यांच्या हातावर हात ठेवला. निघताना एका डब्यात पुरणपोळ्या भरून दिल्या. नको म्हणाल्या तरी ऐकलं नाही.

नलिनीबाईंनी दोन दिवस त्या पुरवून खाल्ल्या. डबा साधा प्लास्टिकचा होता, झाकणाला चीर गेलेला. त्यांनी तो घासून पुसून कोरडा केला, रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात खोबऱ्याच्या वड्या भरल्या आणि डबा द्यायला कधी येऊ असं विचारायला चेतनाला फोन लावला.

चेतना साइटवर होती, मागे ड्रिलचा आवाज येत होता. "अहो काकू, राहू द्या ना तो डबा. तेवढ्यासाठी कुठे एवढ्या लांब येता? टाकून द्या."

"बरं," नलिनीबाई म्हणाल्या. मग तिला उन्हात फार वेळ उभी राहू नकोस असं सांगितलं आणि फोन ठेवला. वड्या त्यांनी संध्याकाळी खाली बाकावर नेल्या. शेजारणींच्या नातवंडांनी त्या संपवल्या, आणि डबा घेऊन त्या जिना चढून वर आल्या.