साखरपुड्यात उरकलेलं लग्न

फौजेतल्या साहेबाच्या मुलाखतीला भोपाळला गेलेल्या गोरखचा फोन आला, तेव्हा त्याचा बाप भिमाजी निमगाव सावाच्या चौकातल्या किराणा दुकानात उभा होता. निरोपाचा फोन तिथंच यायचा. "दादा, मी रिकमंड झालो," एवढं पोरगं बोललं आणि लाइन तुटली. भिमाजीनं रिसीव्हर ठेवला, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि दुकानदाराला सांगितलं, "आपला गोरख साहेब झाला."

झालं! दिवस मावळायच्या आत पारावर गोरख लेफ्टनंट झाला आणि आठवडा उलटला नाही तोवर कुणीतरी त्याला कॅप्टन करून टाकलं. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर गोरखचा कॉलेजातला फोटो होता आणि मानेखाली कुणा भलत्याच माणसाची वर्दी चिकटवलेली होती. शुभेच्छुकांची नावं गोरखच्या नावापेक्षा मोठी. बाजारात तुरी म्हणतात ना, त्यातली गत. तुरी अजून रानात उभ्या होत्या आणि आमचा भिमाजी फोडणी घालून बसला होता.

गोरख घरी आला तो फ्लेक्स बघूनच चिडला.

"दादा, तो आधी काढायला लावा. अजून पक्कं न्हाई."

"न्हाई कसं? तूच म्हणालास ना?"

"ती शिफारस हाय. परीक्षा झाली, मुलाखत झाली, मेडिकलला बी पास झालो. पण आता मेरिट लागंल. त्यात नाव यायला पायजे. आन् तवर मी त्यांच्या सगळ्या अटींत बसलो पायजे. मग देहरादूनच्या अकादमीचं पत्र येतं. ते आलं म्हंजे पक्कं."

भिमाजीनं हे सगळं ऐकलं आणि मनाशी म्हणाला, पोरगं नम्र आहे. शिकलेली माणसं असंच बोलतात. शेजारी गेणभाऊ बसला होता. गेणभाऊ म्हणजे भिमाजीचा चुलतभाऊ, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. गावात फौजेबद्दलचा शेवटचा शब्द त्याचा. तो मिशीला हात लावून म्हणाला, "अरं, आमच्या टायमाला मैदानात छातीवर खडूनं नंबर टाकला की गडी पक्का. बाकी समदी कागदं मागनं येत्यात. तू नको घाबरू."

"काका, ती भरती वेगळी. ही आफिसरची हाय."

"फौज एकच आसती रं बाबा," गेणभाऊ म्हणाला आणि त्यानं चहा मागवला.

आता गंमत अशी, की त्या घरात आणखी एक घाई होती. भिमाजीचा बाप कुशाबा मागल्या जूनमध्ये गेला होता. घरातलं मोठं माणूस गेलं, की लग्नाजोगं पोर वर्षाच्या आत बोहल्यावर चढवायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही आपल्याकडची रीत. गोरख बावीस वर्षांचा, पदवीधर, आणि आता वरून साहेब. स्थळांची रीघ लागली. त्यातलं मंचरकडचं सावळारामाचं स्थळ भिमाजीच्या मनात भरलं. पोरगी हर्षाली, डी.एड.ला, बोलायला धीट. गोरखलाही ती पसंत पडली, हे त्याच्या कानांच्या लाल पाळ्यांवरून साळुबाईनं ओळखलं. साळुबाई म्हणजे त्याची आई. तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

पण गोरखनं स्पष्ट सांगितलं, "साखरपुडा करा. लगीन ट्रेनिंग झाल्यावर. त्याच्या आधी चालत न्हाई."

भिमाजीला यात नवल वाटलं नाही. लग्नाच्या वेळी कोण पोरगा 'एवढ्यात नको' म्हणत नाही? तो स्वतः म्हणाला होता आणि तरी बापानं त्याला मुंडावळ्या बांधल्याच. तरी त्यानं गेणभाऊला विचारलं. गेणभाऊ म्हणाला, "चालत न्हाई म्हंजे काय, तर ट्रेनिंगला बायको संगं न्यायची न्हाई. क्वार्टर मिळत न्हाई ना! आमी काय बायका पेटीत घालून न्हेल्या व्हत्या?" दोघं खूप हसले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथं नवरा शुद्धीवर होता, उतावळा बाप होता.

मे महिन्यात सावळारामाच्या दारात मांडव पडला. मसालेभात, भजी, मठ्ठा, गुलाबजाम, बँजो आणि दोन्हीकडचं आख्खं गणगोत. कुंकू लागलं, साडी दिली, अंगठ्या झाल्या, पुडा फुटला. लोक पंगतीला उठणार, एवढ्यात सावळारामाच्या थोरल्या भावानं माइक हातात घेतला.

"मंडळी, बसा जरा! पाव्हण्यांचे वडील जाऊन आता वरीस भरत आलंय. उद्या वरीस सरलं की तीन वर्सं थांबायचं. कशापाई? पाव्हणं हायती, भटजी हायती, पोरगा-पोरगी हायती. अक्षदा टाकू आन् मोकळं होऊ! काय राव, बरोबर का न्हाई?"

मांडवभर टाळ्या पडल्या. भिमाजीला आनंदच झाला. असं आपल्या भागात नेहमीच होतं. साखरपुड्याला गेलेली माणसं लग्न जेवून येतात. कुणीतरी मोटारसायकल काढून मंगळसूत्र आणायला सुटलंदेखील. बायकांनी हर्षालीला आत नेऊन हळद लावायला घेतली. साळुबाई तेवढी जागेवरून हलली नाही. ती गोरखकडे बघत होती. पोराच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

गोरखनं बापाला दंडाला धरून मांडवामागच्या खोलीत नेलं. तिथं गुलाबजामची पातेली होती. त्यानं दार लोटलं.

"दादा, हे थांबवा."

"आरं, घाबरतुयास कशाला? आज ना उद्या—"

"दादा, ऐका. तिथं लग्न झालेला पोरगा घेत न्हाईत. अटच हाय ती. अर्ज केल्यावर लगीन केलं तरी नाव काढून टाकत्यात. मग मेरिटात पयला आलो तरी उपेग न्हाई. मंगळाष्टका झाल्या की माझं संपलं."

भिमाजी पातेल्याची कड धरून उभा राहिला. इतके दिवस पोरगं हेच सांगत होतं आणि आपण ते कानाआड केलं, हे त्याला लख्ख समजलं. बाहेर माइकवर त्याच्या नावाचा पुकारा चालला होता.

"मला उठता येणार न्हाई," गोरख म्हणाला. "नवऱ्यानं मांडवातनं उठून जायचं म्हंजे त्या पोरीचं नाव जन्मभर खराब व्हईल. तुमी वडील आहात. तुमी सांगितलं तर लोक ऐकतील. दादा, पाया पडतो."

"सांगतो," भिमाजी म्हणाला. "आत्ता सांगतो."

आणि तो खरंच सांगायला निघाला होता, हे त्याच्या बाजूनं म्हणायलाच हवं. खोलीपासून स्टेजपर्यंत जाईस्तोवर तो मनात वाक्य जुळवत होता. पण वाटेत एकानं त्याच्या डोक्यावर फेटा ठेवला, दुसऱ्यानं गळ्यात हार घातला. स्टेजवर गेणभाऊ उभा होता. भिमाजी त्याच्या कानाशी लागला, "आरं, लगीन केलं तर घेत न्हाईत म्हणं." गेणभाऊ चरकला, पण चारचौघांत चरकलेलं दाखवील तो हवालदार कसला! तो म्हणाला, "बघू मागनं. रेकॉर्ड हापिसात माझी वळख हाय." तेवढ्यात सावळारामानं माइक पुढं केला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बोला व्याही. मंजूर हाय ना?"

भिमाजीनं तोंड उघडलं. समोर दोन तालुक्यांतली माणसं बसली होती. नाही म्हणायचं तर आत्ता म्हणायचं होतं.

"मंजूर," तो म्हणाला.

बँजो वाजायला लागला. भिमाजीला आपलाच आवाज कर्ण्यातून ऐकू आला आणि तो हादरला. आपण हे बोललो? अंतरपाट धरला गेला, मंगळाष्टका सुरू झाल्या, आणि गोरख पाटावर उभा राहून बापाकडं बघत राहिला. रागानं नव्हे. अजूनही काहीतरी होईल, अशा आशेनं बघत होता तो. ते भिमाजीला सोसवेना. त्यानं मान खाली घातली आणि मूठभर अक्षता टाकल्या. साळुबाईनं टाकल्या नाहीत. तिच्या मुठीत त्या तशाच राहिल्या.

पुढचे दिवस भिमाजीनं गेणभाऊच्या ओळखीवर काढले. माणूस बुडायला लागला की काडीचा आधार घेतो, आणि गेणभाऊ तर चांगला आडमाप गडी होता. एवढ्या मोठ्या सरकारला निमगाव सावाचं लग्न कुठून कळणार, असंही भिमाजी स्वतःला समजावी. गोरख फारसं बोलत नसे. सून सकाळी उठून वही घेऊन बसे, कुणी आलं की वही मिटून चुलीकडं जाई.

जूनमध्ये इंटरनेटवर मेरिट लागलं. गावातल्या एका पोरानं नारायणगावात बघून येऊन सांगितलं: गोरखचं नाव आहे, चांगलं वर आहे. भिमाजीनं त्याच पावली पेढे घेतले आणि चौकात वाटत वाटत घर गाठलं. मागे गेणभाऊ होताच.

"आलं रं! नाव आलं तुजं!"

गोरख ओसरीवर बसला होता. "माहीत हाय," तो म्हणाला. "मी जाणार न्हाई."

"आता न्हाई कसं? आता तर पक्कं झालं!"

"मी कळवलं दादा. लग्न झालं म्हणून. हळद उतरली त्याच दिशी पत्र टाकलं. यादी गुणांवर लागती, नाव मागनं काढत्यात."

पेढ्यांचा पुडा भिमाजीच्या हातून कधी खाली गेला ते त्याला कळलं नाही. गेणभाऊनं जीभ चावली आणि घाईघाईनं म्हणाला, "दुसरं पत्र टाक. चुकून लिवलं म्हणावं. आविवाहित म्हणून सही कर. पोरगी ऱ्हाईल माहेरी ट्रेनिंग हुईस्तोवर. कोण बघायला येतंय?"

"पयल्याच दिशी खोटी सही करून आत जाऊ? आन् ही काय लपवून ठेवायची वस्तू हाय?"

भिमाजीला एकदम संताप आला. कुणाचा, ते त्याला ठाऊक होतं, पण तो निघाला पोरावर. "मग त्याच दिशी मांडवातनं उठून का न्हाई गेलास? एवढा शाणा, तर सोताच्या तोंडानं सांगायचं व्हतं!"

उंबऱ्यात हर्षाली येऊन उभी होती. डोक्यावर पदर होता, पण नजर खाली नव्हती.

"मामंजी," ती म्हणाली, "मी उठणार व्हते."

"काय?"

"माझी परीक्षा आठ दिसांवर व्हती. ती बुडली. आत हळद लावत व्हत्या तवाच मी आईला सांगितलं, मला आज लगीन करायचं न्हाई. आई म्हणली, नवरदेवाचे वडील काय म्हणत्यात ते बघू. ते नको म्हणले तर आपण बी थांबू, कुणाला बोल लागायचा न्हाई." तिचा आवाज कापला. "मी दाराआड उभी व्हते. तुमी माइक घेतला तवा मी देवाला हात जोडले. तुमी नको म्हणला असता ना, तर मी भर मांडवात तुमच्या पाया पडले असते."

गोरखनं झटक्यानं वळून बायकोकडं पाहिलं. त्यालाही हे माहीत नव्हतं. लग्नाला महिना होत आला होता, आणि दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याला ते हवं होतं.

गेणभाऊ हळूच चपला घालून निघून गेला. साळुबाई खाली सांडलेले पेढे गोळा करायला लागली. भिमाजी पोराकडं बघे, सुनेकडं बघे, आणि तोंड उघडून पुन्हा मिटे. आता त्याच्या ओठांवर 'नको' आलं होतं, पण ते ऐकायला त्याच्यासमोर मांडव नव्हता.