मुंग्या न लागणारी साखर

जेवणाच्या सुट्टीत अख्खा छापखाना बाइंडिंगच्या टेबलाभोवती गोळा झाला होता. टेबलावर दोन ताटल्या. एकीत दुकानातली साखर, दुसरीत साखरबाबाची. पुस्तकं चिकटवायच्या खळीमुळे आमच्याकडे मुंग्यांना तोटा नाही. दुकानातल्या साखरेवर त्या तुटून पडल्या. बाबाच्या ताटलीपाशी मात्र यायच्या, काठाशी थबकायच्या आणि मागे फिरायच्या.

"मुंगीला कळतं, माणसाला कळत नाही," बाबा म्हणाला. तो आपली पत्रकं छापून घ्यायला आला होता आणि त्याच्या अंगाला कापराचा वास येत होता. "मंत्राने मी साखरेतला दोष काढलाय, चव तेवढी ठेवलीय. मधुमेहवाल्याने चिमूटभर जिभेवर ठेवावी आणि मग खुशाल ताटात येईल ते खावं."

"आणि गोळ्या?" मी विचारलं.

"गोळी आणि मंत्र एका पोटात नांदत नाहीत, बाई."

"मग मंत्राला दुसरीकडे बिऱ्हाड बघून द्या."

कुणी हसलं नाही. सगळे माझ्या भावाकडे बघत होते.

दादा कटिंग मशीनवर, मी फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, घडी घालायला. आमच्याकडे रिवाज असा की स्वतःचा डबा स्वतः खायचा नाही. सगळे डबे टेबलाच्या मधोमध उघडायचे आणि दुसऱ्याच्या डब्यातलं घ्यायचं. वर मुकादमांचा गोडमिट्ट चहा. नको म्हणणं म्हणजे माणसाचा अपमान. दादाला मधुमेह निघाला, डॉक्टरांनी गोड आणि तळलेलं बंद केलं, तेव्हा तो आपल्यापुरता डबा आणायला लागला. आधी चेष्टा झाली, "साहेब झालास का रे?" मग त्याचा जिवलग दोस्त जाड्या घास घेऊन मागे लागला, "एवढ्याशाने काय होतंय?" दादा नाहीच म्हणाला तेव्हा आग्रह थांबला, आणि बोलणंही. तो कागदाच्या थप्पीआड बसून जेवायला लागला. मी शेजारी बसायचे, पण बहिणीची सोबत आणि दोस्तांची सोबत यात फरक असतो. अर्धा डबा तसाच घरी जायचा.

बाबाची साखर जिभेवर ठेवून दादा त्या दिवशी पुन्हा टेबलाशी बसला. लोकांनी त्याच्या ताटात ढीग केला.

घरी मी त्याला फैलावर घेतलं. "साखर ती साखरच, दादा. तू काय कुक्कुलं बाळ आहेस?"

"असू दे गं," तो म्हणाला. "आज जाड्याने माझा डबा पळवला. कितीतरी दिवसांनी."

मी गोळ्या रोज ताटाशी ठेवायचे, तो रोज खिशात टाकायचा.

पुढे कागदाचं बंडल पडून त्याच्या पायाच्या अंगठ्याचं नख उचकटलं. जखम काळी पडली. बाबा म्हणाला, दोष पायावाटे निघतोय, साखर वाढवा. ताप चढला तसं मी त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय कापला, पण विष अंगभर भिनलं होतं. माझा दादा गेला.

पंधरवड्याने साखरबाबाच्या पत्रकांचा नवा गठ्ठा घडीसाठी माझ्यापुढे आला. वर ठळक अक्षरांत: 'छापखान्यातील कामगार मधुमेहातून पूर्ण बरा!' तो कामगार म्हणजे माझा दादा. पत्रकं न्यायला बाबा आला तेव्हा मी म्हटलं, "बाबा, मुंग्यांचा चमत्कार पुन्हा दाखवा."

त्याने ताटल्या मांडल्या, एक आमची, एक स्वतःची. मी पुढे होऊन दोन्हींतली साखर अदलाबदल केली. आता बाबाची साखर आमच्या ताटलीत होती, आणि मुंग्या तिच्यावर तुटून पडल्या.

"श्रद्धा नसली की मंत्र उतरतो," बाबा म्हणाला.

"मग तुमच्या ताटलीला मुंग्या अजून का भितात? तिच्यात आता दुकानातली साखर आहे."

त्याच्या ताटलीच्या काठावर बोट फिरवून मी ते मुकादमांच्या नाकाशी धरलं.

"कापूर," ते म्हणाले. "तेलात खललेला."

जाड्या बाबाच्या अंगावर धावला. मारू नका, चौकीत न्या, असं मी म्हटलं, आणि दोघांनी दंड धरून बाबाला नेलं. जाड्या मात्र खाली बसला आणि हमसून रडायला लागला.

"आम्ही प्रेमानेच देत होतो गं, ताई."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "म्हणून तर त्याला नाही म्हणवेना."

त्या दिवशी मुकादमांनी बिनसाखरेचा चहा मागवला. सगळ्यांनी निमूट प्यायला. कुणाचं काही बिघडलं नाही. ते बघून मला जे रडू फुटलं ते आवरेना. दादा असताना एवढंच तर करायचं होतं.

ताटलीच्या काठाचा कापूर कुणीही पकडेल, हुंगून बघायची तयारी हवी. पण दादाने ती साखर खाल्ली ती माणसांत बसून जेवता यावं म्हणून, आणि बाबाने त्याची तीच भूक हेरली होती. तुमच्यात कुणाला पथ्य लागलं तर बाबाच्या नादी लागू नका, गोळ्या चुकवू देऊ नका, आणि त्याला एकट्याला कोपऱ्यात बसवू नका. त्याचं पथ्य सगळे मिळून पाळा. तेवढ्यावर माझा भाऊ जगला असता.