रजनीताईंचे गुडघे

रजनीताईंचे गुडघे नानाखेड्याच्या त्यांच्या अख्ख्या कॉलनीत प्रसिद्ध होते. हळदीकुंकवाला त्या खाली बसत नसत, भरली बादली उचलत नसत, जोरात हसायची वेळ आली की उठून आत जात. बायका तेलाच्या बाटल्या आणून देत आणि त्या मुकाट्याने ठेवून घेत. गुडघ्यांना खरं तर धाड भरली नव्हती. लेकीच्या, देवश्रीच्या वेळी दिवसभर कळा सोसल्यावर शेवटी चिमटा लावून बाळ ओढलं, तेव्हापासून गर्भाशय खाली सरकून त्यांचं अंग बाहेर येत होतं. तीस वर्षं त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

आता तीच देवश्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. फ्रीगंजच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिशी उलटलेली, पहिलंच मूल, त्यात बाळ चार किलोच्या घरात. आतले स्नायू फाटायची भीती जास्त. मग त्यांनी रजनीताईंकडे पाहिलं.

"आपको डिलीवरी के बाद कोई तकलीफ़ रही? नीचे भारीपन, पेशाब छूटना? माँ को रहा हो तो बेटी को भी ख़तरा बढ़ता है. फिर ऑपरेशन का सोचेंगे."

देवश्रीशेजारी जावई, आल्हाद, बसला होता, पलीकडे विहीणबाई. रजनीताईंच्या जिभेवर शब्द आला होता.

"नहीं मैडम," आल्हाद मोकळेपणाने म्हणाला, "मम्मी को बस घुटनों का है."

रजनीताईंनी होकारार्थी मान हलवली. घरी जाऊन डॉक्टरीणबाईंना फोन करू, असं त्यांनी ठरवलं आणि कळा सुरू होईपर्यंत रोज ठरवतच राहिल्या. बँकेत उभी हयात घालवलेली बाई, पण लाजेपुढे तिचं काही चाललं नाही.

देवश्रीने तीन तास जोर लावला. शेवटी चिमटाच लागला. मुलगी झाली, विहीणबाईंनी पेढे वाटले.

संक्रांतीला सहा महिन्यांच्या मृण्मयीचं बोरन्हाण होतं. पाट मांडला, बोरं-चुरमुरे आले, लेकीला मांडीवर घेऊन बस म्हणून बायका देवश्रीला सांगू लागल्या. ती उभीच राहिली.

"आई, मला खुर्ची दे. गुडघे दुखतात माझे."

अगदी आईवर गेली, म्हणत विहीणबाई हसल्या.  रजनीताईंनी आपली खुर्ची लेकीकडे सरकवली, नातीला घेतलं आणि सगळ्यांदेखत पाटावर मांडी घालून बसल्या.

"देवू, माझ्या गुडघ्यांना कधी काही झालंच नव्हतं गं."

देवश्री खुर्चीवर जपून टेकली.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सांगायचंस ना," ती हळूच म्हणाली.

बायकांनी बोरं ओतली. रजनीताई खाली मान घालून नातीच्या केसांतले चुरमुरे वेचत राहिल्या.